मरणाआधी वाचायचे मृत्युपत्र

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, एकतीस वर्षे कापडगिरणीत चार माग एकटीने चालवलेली विणकरीण, विधवा, एका मुलाची आई, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, आणि तो मिळवताना काय झाले तेही पुढे येईल. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. उलट गेले आठ महिने सगळे मला जपत आहेत, आणि त्या जपण्याचाच मला संताप आला आहे.

हे मृत्युपत्र नेहमीसारखे नाही, ते का, हे आधी सांगते.

"मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, मावशी," वकील मला म्हणाले. "जिवंतपणी कुठले उपचार हवेत, कुठले नकोत, ते यात घालून उपयोग नाही. त्याचा कागद वेगळा करावा लागतो." तो वेगळा कागद आम्ही जानेवारीत केला. दोन पाने, सह्या, शिक्के, सगळे रीतसर. मी तो मुलाच्या हातात दिला. "ठेवतो नीट," असे म्हणून त्याने तो विजेच्या बिलांच्या खणात ठेवला, आणि त्याची घडी अजून कोणी उलगडलेली नाही. घराचे कागद कुठे आहेत हे मात्र त्याने मला तीन वेळा विचारले. तो लोभी आहे असे मी म्हणत नाही. घराबद्दल माणसाला बोलता येते, आईच्या मरणाबद्दल बोलायला जीभ उचलत नाही, एवढेच.

म्हणून माझे म्हणणे मी मृत्युपत्रात घातले आहे. मृत्युपत्र वाचताना सगळे कान टवकारून बसतात. आणि ते मी गेल्यावर उघडायचे नाही. मी पुढच्या खोलीत पलंगावर बसलेली असताना, मुलगा, सून, माझी गिरणीतली सोबतीण भिंगरी अशा सगळ्यांना बोलावून, वकिलांनी मोठ्याने वाचायचे आहे. मध्ये कोणी चहा करायला उठायचे नाही.

कलम पहिले. मला पोटाचा कॅन्सर आहे. तो यकृतात आणि हाडांत पसरला आहे. हे वाक्य या घरात आजवर कोणी उच्चारलेले नाही, म्हणून पहिले कलम त्याला दिले. घरात त्याला 'गाठ' म्हणतात, सूनबाई 'तुमचं ते' म्हणते, आणि फोनवर बोलायचे झाले की मुलगा जिन्यात जातो. मला केमोच्या दोन फेऱ्या दिल्या, त्याही शक्तीची सलाईन म्हणून. शक्तीच्या सलाईनने डोक्यावरचे केस गळतात हे मला नवीनच कळले.

मला हे कोणी सांगितले असे आता सगळे एकमेकांकडे बघून विचारतील. कोणी नाही. तुम्हीच सांगितलेत. आमच्या शेडमध्ये शंभरावर माग एकदम चालत. कानाशी तोंड नेऊन ओरडले तरी ऐकू येत नसे. तिथे आम्ही सगळ्या जणी ओठांवर बोलायचो. कोणाच्या मागाचा धोटा अडकला, कोणाच्या घरी पाहुणे येणार, कोणाचा नवरा पिऊन आला, सगळी खबर न बोलता शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची. सगळे शब्द दिसतात असे नाही, काही अंदाजाने भरावे लागतात. पण एकतीस वर्षांत अंदाज पक्का होतो. मुलाला हे ठाऊक आहे. लहानपणी त्याची चोरी मी खिडकीतून त्याचे ओठ वाचून पकडत असे. तरी तो डॉक्टरांच्या काचेच्या दाराआड उभा राहिला, मी बाहेर बाकावर त्याच्या समोर बसलेली, आणि म्हणाला, "आईला सांगू नका. ती खचेल." डॉक्टर म्हणाले, "मग काय सांगू?" तो म्हणाला, "गाठ आहे, औषधानं विरघळेल." मग दोघे हसत बाहेर आले. डॉक्टरांनी मला सांगितले, गाठ आहे, औषधाने विरघळेल. एवढे पाठांतर शाळेत केले असते तर मुलाचा नंबर वर आला असता.

मी तेव्हाच का बोलले नाही, ते सातव्या कलमात आहे. तोवर धीर धरा.

कलम दुसरे. माझे राहते घर, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, माझ्या मुलाला मिळावे. मात्र एक अट आहे. माझा शेवट जवळ आल्यावर मला या घरातून उचलून अतिदक्षता विभागात नेले, घशात नळी घातली, मशीनला जोडले, छाती दाबून परत आणले, यांतले काहीही केले, तर घर त्याला मिळणार नाही. ते विकावे आणि जी संस्था घरोघरी नर्स पाठवते तिला पैसे द्यावेत. वकील म्हणाले, अशी अट कोर्टात टिकेल याची खात्री नाही. मी म्हणाले, कोर्टात नका टिकवू, घरात टिकली तरी पुरे.

कलम तिसरे, म्हणजे मला काय हवे आहे. हे आठ महिन्यांत मला कोणी विचारले नाही. दूध हवे का विचारले, उशी हवी का विचारले, टीव्ही लावू का विचारले.

मला याच घरात मरायचे आहे. मागच्या खोलीत नाही, पुढच्या खोलीत, रस्त्याच्या बाजूच्या खिडकीशी. सूनबाईने 'आईंना आराम पडावा' म्हणून मला मागच्या खोलीत हलवले आणि दाराला जाड पडदा लावला. एकतीस वर्षे आवाजात काढलेल्या बाईला शांततेत झोप लागत नाही हे तिला कोणी सांगावे. मला रस्त्यावरची वाहने ऐकू आली पाहिजेत, खालच्या दुकानाचे शटर ऐकू आले पाहिजे. माझ्याजवळ कुजबूज करायची नाही. कुजबूज मला दिसते.

तिसरी केमो मी घेणार नाही. जगण्याचा कंटाळा आला म्हणून नव्हे. मला जगायला आवडते, आणि ज्यांना वाटते की म्हातारीने हात टेकले त्यांनी येऊन माझ्याशी पाच मिनिटे भांडून पाहावे. पण दुसऱ्या फेरीनंतरचे तीन आठवडे मी ओकण्यात घालवले आणि त्या तीन आठवड्यांत कोणाशी एक धड वाक्य बोलले नाही. असले आठवडे वाढवून मिळणार असतील तर ते ज्याला हवेत त्याने घ्यावेत.

जे लोक भेटायला येऊन मला 'लढा, हरू नका' म्हणतात त्यांना यापुढे दारातूनच परत पाठवावे. दवाखान्याच्या भिंतीवरही तसेच एक चित्र आहे, मुठी वळलेल्या बाईचे. मी लढले नाही आणि हरणारही नाही. मला आजार झाला आहे. उद्या मी गेले की हेच लोक म्हणतील, झुंज अपयशी ठरली, म्हणजे मरताना वर माझीच चूक.

कलम चौथे, दुखण्याबद्दल. त्याच संस्थेच्या नर्सबाई दर बुधवारी येतात आणि मॉर्फिनची बाटली देऊन जातात. किती वाजता किती घ्यायचे ते त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून दिले आहे. ती बाटली सूनबाई कपाटात कुलूपबंद ठेवते आणि मला अर्धाच डोस देते. का, तर सवय लागेल. अडुसष्टाव्या वर्षी, हाडांत कॅन्सर असताना, मला व्यसन लागेल या काळजीने ती मला पहाटेपर्यंत कण्हत ठेवते, आणि स्वतःही जागी राहून माझे पाय चेपते. पाय चेपू नकोस, बाई. औषध दे. तुझ्या मायेवर माझा संशय नाही, तुझ्या अकलेवर आहे. माझे लाकडी कपाट सूनबाईला मिळावे. त्याची किल्ली मात्र आजपासून माझ्या उशाखाली राहील.

कलम पाचवे, डॉक्टर. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला आणायला मी भिंगरीला घेऊन गेले. भिंगरी म्हणजे माझ्या शेजारचे चार माग चालवणारी माझी सोबतीण. पायाला भिंगरी म्हणून नाव पडले, आता काठी घेऊन चालते तरी नाव तेच आहे. डॉक्टरांनी तिला विचारले, "आजी जेवतात का?"

"आजी समोर बसल्यात," भिंगरी म्हणाली. "त्यांना विचारा. मला मधुमेह आहे, माझं विचारायचं असेल तर सांगते."

मी डॉक्टरांना म्हणाले, "मला कॅन्सर आहे, पसरलाय, हे मला माहीत आहे. किती दिवस राहिलेत तेवढं सांगा."

"तुमच्या मुलानं मला सांगितलं होतं की..."

"तो मुलगा आहे. पोट माझं आहे."

त्यांनी पेन खाली ठेवले. "तीन महिने," ते म्हणाले. "कदाचित कमी. पुढची केमो दिली तर थोडे वाढतील, पण ते बरेचसे इथंच जातील." मग ते म्हणाले, "मी हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं." मी रडले. माहीत असलेलीच गोष्ट होती, तरी रडले, आणि ते उठून गेले नाहीत. बाहेर रांग होती तरी बसून राहिले. त्याबद्दल, आणि त्याआधीच्या आठ महिन्यांबद्दलही, माझे धागे मोजायचे भिंग मी त्यांना ठेवते आहे. कापडात दोष आहे की नाही हे आम्ही ते डोळ्याला लावून, खाली वाकून, जवळून बघायचो. त्यांनी ते टेबलावर ठेवावे.

कलम सहावे. माझी कैची, धागा ओढायचा पितळी आकडा आणि गिरणीतून निवृत्त होताना मिळालेले घड्याळ भिंगरीला. घड्याळ मागे पडते, ते तिला माहीत आहे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तीच करील. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे, म्हणून वकील कुरकुरले. मी म्हणाले, माझ्या शब्दाला उभी राहील अशी तरणी व्यक्ती या घरात मला दाखवा. बँकेत जी ठेव आहे ती नातीच्या शिक्षणासाठी आहे, ती त्यासाठीच वापरावी, तिच्या लग्नाचा विषय कोणी त्यात आणू नये.

कलम सातवे. हे मी वकिलांच्या टंकलेखिकेला सांगताना दोनदा थांबले, आणि ती एकदा रडली. तिला मी दटावले, कारण कागद ओला होत होता.

माझे यजमान त्याच गिरणीत मागांचे मिस्तरी होते. अकरा वर्षांपूर्वी ते फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितले. मी म्हणाले, "त्यांना कळू देऊ नका. खचतील." जे मुलगा माझ्याबद्दल म्हणाला तेच, शब्दाला शब्द. मी हे बोलले तेव्हा वॉर्डाच्या खिडकीपाशी उभी होते. खिडकीला काच होती. आत त्यांचा पलंग होता आणि त्यांचे तोंड खिडकीकडे होते. शेडमध्ये अठ्ठावीस वर्षे काढलेला माणूस. दोन माग सोडून पलीकडे उभी असलेली बाई काय मागते आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळायचे. त्या गडबडीत मला हे सुचलेच नाही. मी आत गेले तेव्हा त्यांनी विचारले, "काय म्हणाले डॉक्टर?" मी म्हणाले, "कफ साचलाय, निघून जाईल." ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बरं." पुढचे पाच महिने ते माझ्यासाठी कफ साचलेला माणूस होऊन राहिले. औषध घेतले, खोकले, पुढच्या वर्षी खोलीला रंग काढू म्हणाले.

शेवटी त्यांना अतिदक्षता विभागात नेले. मीच नेले. गळ्याला भोक पाडून नळी घातली, तेव्हा आवाज गेला, पण ओठ मोकळे होते. मी आणि मुलगा पलंगाशी उभे असताना ते ओठांनी बोलले. "घरी ने मला." अगदी स्पष्ट. शेडमध्ये बोलावे तसे, एक-एक शब्द सुटा करून. मुलाने विचारले, "बाबा काय म्हणतायत?" आणि मी म्हणाले, "पाणी मागतायत."

पाणी द्यायची परवानगी नव्हती. मुलगा कापसाचा बोळा ओला करून त्यांच्या ओठांना लावत बसला, आणि ते बोळ्याआडून पुन्हा तेच म्हणाले. मी उपचार चालू ठेवायच्या आणखी एका कागदावर सही केली. असे नऊ दिवस. शेवटचे दोन दिवस ते माझ्याकडे बघायचे, पण ओठ हलवत नव्हते.

मी हे का केले? मला भीती वाटत होती. घरी आणले आणि त्यांना दम लागला तर मी एकटी काय करू, याची भीती. तेव्हा मला सांगायला कोणी नर्सबाई नव्हती, पण ही सबब मी पुढे करत नाही, कारण मी कोणाला विचारलेही नव्हते. म्हणून काचेपलीकडे मुलगा खोटे बोलताना दिसला तेव्हा मी गप्प बसले. खाण तशी माती, आणि खाण मी. मला वाटले, हीच माझी शिक्षा, भोगावी. आठ महिने भोगली. मग हाडे दुखायला लागली आणि माझ्या लक्षात आले की माझ्या गप्प बसण्याने यजमानांना काही मिळत नाही, फक्त मुलगा माझ्यासारखा होतो. त्याने वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी असा कागद लिहावा हे मला मान्य नाही.

येणेप्रमाणे मी सांगितले, टंकलेखिकेने टाइप केले, मी ऐकले, आणि दोन साक्षीदारांदेखत सही केली. भिंगरीला यात वाटा असल्याने तिची साक्ष चालत नाही, याचा तिला राग आला आहे.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली. नऊ मार्च, सोमवार, सकाळी अकरा.

सही: विणकरीण
साक्षीदार पहिला: खालच्या मजल्यावरचा चष्मेवाला
साक्षीदार दुसरी: वकिलांची टंकलेखिका

पुरवणी

वरील मृत्युपत्र त्याच दिवशी दुपारी सर्वांसमोर वाचले गेले. दुसरे कलम संपताच मुलगा म्हणाला, "आई, तू मला विकत घेतेस का?" वकील थांबले. मी म्हणाले, पुढे वाचा. चौथ्या कलमाला सूनबाई उठून बाटली घेऊन आली आणि पूर्ण डोस चमच्यात ओतून माझ्यासमोर धरून उभी राहिली. मी तो घेतला.

सातवे कलम वाचून संपले. मग मुलगा म्हणाला, "अकरा वर्षं मला वाटतंय, बाबा तहानलेले गेले. आपण त्यांना घोटभर पाणी दिलं नाही." इतक्या वर्षांत तो हे माझ्याशी एकदाही बोलला नव्हता. मी म्हणाले, "तहान नव्हती रे. घरी यायचं होतं." तो उठून गेला. मंगळवार, बुधवार तो माझ्याशी बोलला नाही. त्याच्या गप्प बसण्याचा मला आठ महिन्यांत पहिल्यांदाच राग आला नाही.

गुरुवारी त्याने खणातून जानेवारीचा कागद काढला आणि पेन घेऊन माझ्या पलंगाशी बसला. एक-एक ओळ वाचली. मग म्हणाला, "यात एक लिहिलेलं नाही. तुला दम लागला तर मी काय करायचं?" मी अकरा वर्षांपूर्वी कोणाला तरी विचारायला हवे होते, ते त्याने विचारले. आम्ही नर्सबाईंना फोन लावला. जिभेखाली कुठले थेंब द्यायचे, उशा कशा रचायच्या, खिडकी उघडायची, पंखा तोंडावर घ्यायचा, रात्री-अपरात्री कुठल्या नंबरावर बोलायचे, हे त्यांनी सावकाश सांगितले. त्याने सगळे लिहून घेतले आणि परत वाचून दाखवले. मध्ये एकदा त्याने कागद सूनबाईकडे दिला, तेव्हा तिने वाचले.

म्हणून आज मी दुसऱ्या कलमातली अट रद्द करत आहे. ती ओळ माझ्या हाताने खोडली आहे आणि शेजारी सह्या आहेत. घर मुलाचे, काही झाले तरी. ऐनवेळी त्याचा धीर सुटला आणि त्याने अँब्युलन्स बोलावली, तरीही त्याचेच. घरासाठी त्याने माझे ऐकावे असे मला वाटत नाही. मला जे हवे आहे ते मी आता फक्त मागते आहे.

पुढच्या ओळी मुलाच्या अक्षरात आहेत. पहिल्या तीन मी सांगितल्या. चौथी त्याने स्वतःहून लिहिली. वकील म्हणतात, तिला कायद्यात काही अर्थ नाही, काढून टाका. ती मी ठेवली आहे.

आईला घरातून हलवायचे नाही.
आईला दुखू द्यायचे नाही.
आईला जे होत असेल ते आईला सांगायचे.
मला फार भीती वाटते, हे मी आईला सांगितले आहे.

ठिकाण: तेच, पलंग खिडकीशी हलवला आहे. तेरा मार्च, शुक्रवार.

सही: विणकरीण
साक्षीदार: चष्मेवाला, टंकलेखिका